थेट गाडी बंद झाली की तिकीट किती वाढते? टप्पा, सवलत आणि भाडेवाढ यांबद्दल विचारणा

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

सर्वांना नमस्कार.

एसटीची १४.९५ टक्क्यांची भाडेवाढ २५ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. माझी विचारणा त्या टक्केवारीबद्दल नाही. आमच्या गावातून यवतमाळला जाण्याचा खर्च त्या टक्केवारीपेक्षा बराच जास्त वाढला आहे आणि तो नेमका कोणत्या हिशेबाने वाढला, हे मला समजून घ्यायचे आहे.

आमचे गाव तालुक्याच्या ठिकाणापासून १४ किलोमीटर आत आहे आणि तिथून यवतमाळ ३७ किलोमीटर पडते. गावात पूर्वी मुक्कामी गाडी येत असे. रात्री आठच्या सुमारास ती मारुतीच्या पारासमोर लागायची, चालक-वाहक समाजमंदिरात झोपायचे आणि सकाळी साडेसहाला तीच गाडी तालुक्यावरून थेट यवतमाळला जायची. भाडेवाढीच्या आधी या प्रवासाचे माझे पूर्ण तिकीट ८० रुपये होते, भाडेवाढीनंतर ते ९१ रुपये झाले. ते आम्ही मान्य केले, कारण डिझेल, टायर आणि पगार यांचा खर्च वाढत असताना तिकीट जुन्याच दरात राहणार नाही, एवढे कोणालाही समजते.

गेल्या पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा वाहून गेला आणि गाडी गावात येणे थांबले. ते साहजिकच होते, कारण वाटच उरली नव्हती. आता रपटा नव्याने बांधून झाला आहे, त्यावरून कापसाचे भरलेले ट्रक जातात, पण थेट गाडी अजून सुरू झालेली नाही. दुपारी एक गाडी तालुक्यापासून गावापर्यंत येते आणि लगेच परत जाते. तिने गेलो तर तालुक्यापर्यंत ३१ रुपयांचे एक तिकीट आणि पुढच्या गाडीत ७१ रुपयांचे दुसरे, असे एकूण १०२ रुपये लागतात. म्हणजे भाडेवाढीने ११ रुपये वाढले होते आणि गाडी बदलावी लागल्यामुळे आणखी ११ रुपये वाढले. सकाळी तर तीही गाडी नसते, त्यामुळे तालुक्यापर्यंत काळी-पिवळीनेच जावे लागते.

इथेच माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. जीपवाला माणशी ३० रुपये घेतो. त्याच्यावर माझा राग नाही, कारण तोही गावातलाच आहे आणि तो नसता तर आम्ही घरीच बसलो असतो. माझ्यापुरते पाहिले तर जीप एसटीपेक्षा एक रुपयाने स्वस्तच आहे. परंतु माझे वडील ७७ वर्षांचे आहेत आणि एसटीत त्यांना शून्य रुपयांचे तिकीट मिळते. पत्नीला अर्धे तिकीट लागते. मुलगी अकरावीत तालुक्याला शिकते आणि तिच्याकडे मोफत पास आहे. जीपमध्ये या तिघांनाही माझ्याइतकेच ३० रुपये द्यावे लागतात. एकट्या मुलीचे रोजचे ६० रुपये धरले आणि महिन्याला कॉलेजचे २५ दिवस धरले, तर १,५०० रुपये होतात. पास तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला आहे, पण तो दाखवायला सकाळी गाडीच नाही.

वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी यवतमाळला न्यावे लागते. शून्य रुपयांचे तिकीट मिळाले की ते त्याची बारीक घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि घरी आल्यावर देवळीतल्या डब्यात टाकतात. पैसे न देता मिळालेले असले तरी ते सरकारचे कागद आहेत, असे ते म्हणतात. आता त्यांना नेतो तेव्हा जीपला त्यांचे जाण्याचे ३० आणि येण्याचे ३० रुपये द्यावे लागतात. या खर्चामुळे मागच्या खेपेला ते "या महिन्यात राहू दे" असे म्हणाले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. दोन गाड्या बदलून जाणाऱ्या माणसाला एकच सलग तिकीट मिळू शकते काय? ९१ रुपयांचे १०२ नेमके कशामुळे होतात? आणि सकाळची गाडी परत मागायची असेल, तर कोणाकडे आणि कोणत्या आधारावर मागावी, म्हणजे त्या अर्जाचा विचार तरी होईल?

डबल बेल (निवृत्त वाहक)

भाऊ, मी ३१ वर्षे वाहक होतो आणि २०२३ मध्ये निवृत्त झालो. त्यांपैकी बरीच वर्षे खेड्यांच्याच फेऱ्यांवर काढली. तुमचा हिशेब बरोबर आहे, तुमच्याकडून कोणीही एक रुपयासुद्धा जास्त घेतलेला नाही. तरीही तुम्हाला जास्त पडते आहे, आणि त्याचे कारण टप्प्यात आहे.

एसटीचे भाडे किलोमीटरवर मोजत नाहीत, टप्प्यावर मोजतात. सहा किलोमीटरचा एक टप्पा असतो आणि टप्पा अर्धवट राहिला तरी तो पूर्ण धरला जातो. साध्या गाडीचा टप्पा २०२१ च्या भाडेवाढीच्या आधी ७ रुपये ४५ पैसे होता, त्या वर्षी तो ८ रुपये ७० पैसे झाला आणि आता १० रुपये ५ पैसे आहे. तुमच्या गावाहून यवतमाळ ५१ किलोमीटर आहे, म्हणजे आठ टप्पे पूर्ण होऊन तीन किलोमीटर उरतात आणि त्यांचा नववा टप्पा होतो. नऊ टप्प्यांचे ९० रुपये ४५ पैसे होतात. त्यात प्रत्येक तिकिटामागे अपघात सहायता निधीचा एक रुपया मिळवतात, जो २०१६ पासून घेतला जातो, आणि वरचे पैसे सोडले की ९१ रुपये होतात.

आता प्रवासाचे दोन तुकडे करा. १४ किलोमीटरचे दोन टप्पे होऊन दोन किलोमीटर उरतात, म्हणून तीन टप्पे लागतात. ३७ किलोमीटरचे सहा टप्पे होऊन एकच किलोमीटर उरतो, पण त्या एका किलोमीटरसाठी सातवा टप्पा लागतो. थेट गाडीत तुम्ही ५४ किलोमीटरचे भाडे देत होता, आता त्याच ५१ किलोमीटरच्या प्रवासाला ६० किलोमीटरचे भाडे देता. निधीचा रुपयाही दोनदा जातो. सगळी गावे अशी तोट्यात जातात असे नाही. ज्या गावाचे अंतर सहाच्या पटीत बसते, त्याला गाडी बदलूनही फक्त तो एक रुपयाच जास्त पडतो. तुमच्या गावाच्या नशिबी दोन्ही तुकड्यांत थोडे थोडे किलोमीटर उरले.

सलग तिकिटाबद्दल विचाराल, तर साध्या गाडीत असे तिकीट मी संपूर्ण नोकरीत कोणाला दिले नाही. तिकीट त्या गाडीचे आणि त्या फेरीचे असते. फेरी संपली की वाहकाचा हिशेब आगारात जमा होतो आणि पुढच्या गाडीच्या वाहकाचा हिशेब वेगळा असतो. पूर्वी आमच्याकडे तिकिटांचा ट्रे असायचा, त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या लावलेल्या असायच्या आणि पंचाने कोणत्या टप्प्यापासून कोणत्या टप्प्यापर्यंत ते टोचून द्यावे लागायचे. दिवसभरात अंगठ्याला घट्टे पडायचे आणि फेरी संपल्यावर प्रत्येक गड्डीचा सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक लिहावा लागायचा. आता मशीन आले. ते टप्पे स्वतः मोजते, सवलत स्वतः वजा करते आणि मोबाईलवरून दिलेले पैसेही घेते. एवढे मशीन हातात असताना, त्याच दिवशी दोन तासांच्या आत पुढची गाडी पकडणाऱ्या प्रवाशाचे टप्पे सलग मोजणे अवघड जाऊ नये, असे माझे मत आहे. ही मागणी तुम्ही अर्जात अवश्य करा.

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. फेरी चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवताना आगारात सर्वांत आधी भारमान पाहतात. गाडीत जितक्या जागा आहेत त्यांपैकी किती भरून गेल्या, त्याचा तो हिशेब असतो, आणि तो तिकिटांवरून निघतो, डोळ्यांनी पाहून निघत नाही. बाजाराच्या दिवशी मी पायरीवर उभे राहून बेल दिलेली आहे, गाडीत मुंगी शिरायला जागा नसायची, तरी कागदावर ती फेरी निम्मी दिसायची. कारण दोन-तीन टप्पे जाणारी माणसे "राहू द्या, इथेच तर उतरायचे आहे" असे म्हणून तिकीट काढायला टाळाटाळ करत आणि गर्दीत शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेपर्यंत उतरूनही जात. त्यांना वाटे की दहा-वीस रुपये वाचले. पुढे तीच फेरी कमी भारमानामुळे बंद झाली, तेव्हा तीच माणसे जीपला पैसे मोजू लागली. मी त्या वेळी अधिक कडक वागायला हवे होते, असे मला आजही वाटते.

म्हणून तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि ते शून्य रुपयांचे तिकीट जपतात ते अगदी योग्य करतात, हेही सांगा. त्या तिकिटावर रक्कम नसली तरी त्या जागेवर माणूस बसला होता याची नोंद मशीनमध्ये होते, आणि त्याच नोंदीवरून सवलतीची रक्कम राज्य शासनाकडून महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून मागितली जाते. शिवाय वाटेत काही बरेवाईट झाले, तर माणूस त्या गाडीत होता याचा पहिला पुरावा तिकीटच असते.

हिशेबी (वर्धा जिल्हा)

वरील उत्तर फार उपयोगी आहे. त्यात एक बाजू जोडतो, ती काहींना आवडणार नाही.

२०१८ मध्ये १८ टक्के, २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि २०२५ मध्ये १४.९५ टक्के, अशा तीन भाडेवाढी सात वर्षांच्या आत झाल्या. एकावर एक धरल्या तर जून २०१८ च्या आधी १०० रुपयांना मिळणारे तिकीट आता १५९ रुपयांच्या जवळ जाते. ही सगळी वाढ पूर्ण रकमेत सोसणारा प्रवासी कोण आहे? १२ वर्षांवरचा आणि ६५ वर्षांखालचा, विद्यार्थी नसलेला पुरुष. शेतमजूर, गवंडी, दुकानात कामाला जाणारा पोरगा हे सगळे त्यात येतात. पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत, पासष्टीनंतर अर्धा आणि सर्व महिलांना अर्धा, अशी व्यवस्था झाल्यावर उरलेल्यांवर भार वाढतो, हे मान्य केले पाहिजे. सवलती कमी करून सर्वांसाठी दर खाली आणावेत, असे माझे मत आहे.

रोज ये-जा करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. मासिक पासाला २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करता येतो आणि त्रैमासिक पासाला ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस. खेड्यातील पुष्कळ कामगार हा पास घेत नाहीत, कारण एकदम रक्कम भरणे त्यांना जमत नाही. ज्यांना जमते त्यांनी तरी तो घ्यावा.

पैनगंगाकाठ (केळापूर तालुका)

हिशेबी भाऊ, तुमची आकडेमोड बरोबर असेल, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. काकांनी वर सांगितले आहे की सवलतीची रक्कम शासनाकडून महामंडळाला मिळायची असते. मग माझ्या अर्ध्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग तुमच्या खिशातून जातो असे कसे म्हणता येईल? ती रक्कम वेळेवर मिळते की नाही, हा प्रश्न शासनाला विचारायचा आहे, शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईला नव्हे.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याने आमच्या गावात काय बदलले ते सांगते. आमच्या बचत गटाचे खाते पांढरकवड्याला आहे. पूर्वी गटातील एकीलाच सर्वांच्या वतीने पाठवायचो, किंवा कोणाच्या तरी घरच्या पुरुषाला "जाताच आहात तर एवढे भरून या" म्हणून सांगायचो. बाईने तिकिटाला पैसे घालवून जायचे, तर तसेच मोठे कारण लागायचे. आता आम्ही तिघी-चौघी मिळून जातो, खात्यावरची नोंद स्वतः पाहतो आणि येताना बियाण्याचे भाव विचारून येतो. माझ्या सासूबाई लग्नानंतर चाळीस वर्षांत माहेरच्या गावी जितक्या वेळा गेल्या नसतील, तितक्या वेळा गेल्या तीन वर्षांत जाऊन आल्या. हा प्रवास आधी होतच नव्हता, म्हणून आमच्या तिकिटामुळे कोणाचे उत्पन्न बुडाले असेही मला वाटत नाही. रिकाम्या जाणाऱ्या जागांवर आम्ही बसलो आणि काका म्हणतात ते भारमान आमच्यामुळे वाढले, असेच मी म्हणेन.

आमच्या भागातल्या बहिणींसाठी एक माहिती देते, कारण यावरून गाडीत वाद होताना मी पाहिले आहेत. एसटीची महिलांसाठीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. पाटणबोरीवरून पुढे आदिलाबादला जाताना पैनगंगा ओलांडली की पुढच्या भागाचे भाडे पूर्ण लागते, म्हणून तिकीट नेमके अर्धे येत नाही. त्यात वाहकाची काही चूक नसते. तेलंगणाच्या साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांत डिसेंबर २०२३ पासून महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो तेथील रहिवासी महिलांसाठी असून तेथील पत्त्याचे ओळखपत्र दाखवावे लागते. आमच्याकडच्या कितीतरी लेकी तिकडे दिल्या आहेत. आई आणि लेक एकाच गाडीत शेजारी बसतात, तेव्हा लेकीचे तिकीट शून्याचे आणि आईचे पूर्ण असते.

पांदणवाट भाऊ, तुमच्या मुलीचे वाचून जीव कळवळला. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाबाहेर शिकायला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, पण गाडीच नसेल तर त्या पासाचा काय उपयोग? तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमातील १२५ मागास तालुक्यांत असेल, तर मुलींसाठी निळ्या गाड्या असतात, त्यांचीही चौकशी करा. आमच्या गावात ती गाडी शाळेच्या वेळेला येते आणि तिच्याच जोरावर या वर्षी चार मुली अकरावीला गेल्या. महिन्याला दीड हजार रुपये लागत राहिले, तर मुलीचे शिक्षण बंद करण्याचा विचार घरात आज ना उद्या कोणीतरी बोलून दाखवेल. तो बोलला जाण्याआधीच गाडी आणा.

सातपुडा (धारणी)

मेळघाटातून एक लहानशी भर घालतो. नव्या दरांत तिकिटे ११, २१, ३१, ४१ अशी येऊ लागल्यापासून सुट्या पैशांची अडचण फार वाढली. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय चांगलीच आहे, परंतु आमच्या घाटात आणि खोऱ्यात नेटवर्क जाते-येते. पैसे खात्यातून कापले जातात, वाहकाच्या मशीनवर मात्र ते लवकर दिसत नाहीत आणि गाडी तशीच थांबून राहते. दोन्ही बाजूंच्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून ज्येष्ठ माणसांना एवढेच सांगतो की, घरून निघताना एक-एक रुपयाची पाच-सात नाणी बांधून घ्या. ओळखपत्राचेही तसेच आहे. आधार कार्ड मोबाईलमध्ये असले तरी मूळ कार्ड सोबत ठेवा, म्हणजे मोबाईलची बॅटरी संपली म्हणून सवलत जाणार नाही.

हिशेबी (वर्धा जिल्हा)

ताई, तुमचे म्हणणे मी दोनदा वाचले. रिकाम्या जागा भरण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ज्या फेऱ्या आधीच भरून जात होत्या, तिथे माझा आक्षेप कायम आहे. परंतु खेड्यांच्या फेऱ्यांना तो लागू होत नाही, हे मी मान्य करतो.

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. टप्प्याचा हिशेब वाचल्यावर माझ्या मनातील एक गैरसमज दूर झाला. इतके दिवस मला वाटत होते की कुठेतरी चुकीचा दर लावला जातो आहे. आता कळले की दर योग्यच आहे, आमचा प्रवास तोडला गेल्यामुळे भाडे वाढले.

डबल बेल काका, तुम्ही भारमानाबद्दल लिहिल्यानंतर मी एक काम केले, ते सांगतो. सोमवार ते शनिवार रोज सकाळी सहा ते साडेसात या वेळेत फाट्यावर उभा राहिलो आणि गावातून जीपने किंवा दुचाकीवर मागे बसून तालुक्याला जाणाऱ्यांची नावे वहीत लिहिली. माणसे कमी असतील आणि आपलीच मागणी पोकळ ठरेल, अशी मला धास्ती होती. सहा दिवसांत सर्वांत कमी आकडा २६ आला आणि बाजाराच्या दिवशी तो ४४ झाला. त्यांत कॉलेजला जाणाऱ्या मुली रोज सरासरी नऊ होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेले तिघे होते आणि तिघेही दवाखान्यासाठी निघाले होते. यवतमाळपर्यंत जाणारे किती आणि तालुक्याला उतरणारे किती, हेही मी वेगळे लिहिले आहे, कारण थेट गाडी मागायची तर त्याची गरज पडेल, असे वाटले.

ही वही घेऊन मी सरपंचांना भेटलो. येत्या ग्रामसभेत ठराव घेऊन त्याला ही यादी जोडायची आणि रपट्याचे काम पूर्ण झाल्याचा दाखलाही सोबत द्यायचा, असे ठरले आहे. गावातील लोकांनाही मी तुमचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवले. दुपारच्या गाडीने जाणाऱ्यांनी एक टप्पा असला तरी तिकीट घेतल्याशिवाय उतरायचे नाही, असे पारावर बसून सर्वांनी कबूल केले. कबूल करणे सोपे असते हे मला माहीत आहे, म्हणून पुढचा महिनाभर मी स्वतः आठवड्यातून दोनदा त्या गाडीने जाणार आहे.

अर्ज कोणाला द्यावा आणि त्यात सलग तिकिटाची मागणी एकत्र लिहावी की वेगळी, एवढे कृपया सांगावे.

डबल बेल (निवृत्त वाहक)

भाऊ, तुम्ही फार चांगले काम केले. अशी वही घेऊन माझ्या नोकरीत एकही गाव आगारात आल्याचे मला आठवत नाही. लोक येत, पण "गाडी पाहिजे" एवढेच म्हणत, आणि किती माणसे आहेत असे विचारले की "गाव भरून आहेत" असे उत्तर देत.

दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहू नका. सकाळची फेरी सुरू करणे हा आगाराच्या आणि विभागाच्या पातळीवरचा विषय आहे, त्यामुळे तो अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे करा आणि त्याची प्रत विभाग नियंत्रकांना द्या. सलग तिकिटाचा विषय भाड्याच्या नियमांचा आहे, तो मुंबईला मध्यवर्ती कार्यालयाकडे जाईल आणि त्याला वेळ लागेल. दोन्ही एकत्र लिहिले, तर सोपी मागणी अवघड मागणीबरोबर अडकून पडते. जुलै २०२४ पासून सोमवारी आणि शुक्रवारी आगारांत प्रवासी राजा दिन सुरू करण्यात आला, त्यात विभाग नियंत्रक स्वतः येऊन प्रवाशांचे लेखी म्हणणे ऐकून घेतात, अशी पद्धत आहे. तुमच्या आगाराचा दिवस कोणता आहे, ते आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी सरपंचांना सोबत घेऊन जा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आणखी एक सुचवतो. मुक्कामी गाडी मागताना चालक-वाहकांच्या झोपण्याच्या सोयीबद्दलही अर्जात लिहा. समाजमंदिरातील खोली, पंखा, पाणी आणि शौचालय यांची व्यवस्था ग्रामपंचायत करेल, असे ठरावातच येऊ द्या. पावसाळ्यात गळक्या खोलीत, डास मारत रात्र काढून सकाळी साडेसहाला गाडी काढणे कसे असते, ते मी अनुभवले आहे. ज्या गावात रात्री भाकर आणि कोरडी जागा मिळायची, त्या गावाची मुक्कामी फेरी घ्यायला आम्ही आनंदाने तयार असायचो.

तुमच्या वहीतील सहा दिवसांत एक दिवस बाजाराचा आहे, त्यामुळे तो आकडा वेगळा दाखवा, सरासरीत मिसळू नका. २६ हा सर्वांत कमी आकडा अर्जाच्या पहिल्याच ओळीत येऊ द्या. बाजार नसताना, साध्या दिवशी, एका गावातून सकाळी २६ माणसे निघतात आणि पुढे तालुक्यापर्यंत आणखी गावे आहेत, हे वाचल्यावर कोणत्याही व्यवस्थापकाला गाडीच्या जागा मोजाव्याशा वाटतील. वाटेतील गावांच्या सरपंचांच्या सह्याही मिळाल्या तर पाहा.

पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

काका, वाटेत तीन गावे आहेत. त्यांपैकी दोन सरपंचांशी आजच फोनवर बोललो, दोघेही त्यांच्या फाट्यावर आठवडाभर माणसे मोजायला तयार आहेत. समाजमंदिरातील खोलीचा पत्रा एका कोपऱ्यात गळतो, तो बदलण्याचे काम या रविवारी हाती घेत आहोत. ग्रामसभा झाल्यावर ठरावाची तारीख आणि अर्जावर मिळालेला शिक्का, दोन्ही इथे कळवीन.